थोरलीचा खटला

ड्रायव्हरकाकांनी आयुष्यभर लांब पल्ल्याची बस चालवली आणि आयुष्यभर अर्धवट गोष्टी ऐकल्या. ड्रायव्हरच्या पाठीला कान नसतात असा प्रवाशांचा का कोण जाणे पक्का समज असतो. त्यामुळे मागच्या बाकावर माणूस टेकला की सुरू व्हायचं. कुणाची सून घर सोडून गेलेली असायची, कुणाच्या भावानं गोड बोलून सही घेतलेली असायची, कुणी वर्षानुवर्षं न भेटलेल्या माणसाला शोधायला निघालेलं असायचं. गोष्ट ऐन रंगात आली की घंटी वाजायची. माणूस पिशव्या गोळा करायचा, उतरायचा, आणि पुढे काय झालं तेही त्याच्याबरोबर खाली उतरायचं. काकांनी मान वळवून "मग काय झालं हो?" असं कधी विचारलं नाही. गाडीत पाटी होती, चालकाशी बोलू नये. ती होती प्रवाशांसाठी, पण काकांनी ती स्वतःला लावून घेतली होती. रस्त्यावरची नजर काढायची नाही आणि दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायचं नाही. नोकरी त्यांनी या दोन नियमांवर निभावली, आणि खरं सांगायचं तर संसारही.

निवृत्तीनंतर त्यांची मूत्रपिंडं संपावर गेली. बसवाल्यांचे संप काकांनी पुष्कळ पाहिले होते, पण ते कधी ना कधी मिटायचे. हा मिटला नाही. मग सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी लेक त्यांना दवाखान्यात सोडायची आणि दुपारी न्यायची. वरच्या मजल्यावर एक लांबलचक खोली, तिच्यात मागे रेलता येणाऱ्या खुर्च्यांची रांग, आणि प्रत्येक खुर्चीशेजारी कपाटाएवढं मशीन. हाताला दोन सुया. एकीतून रक्त बाहेर जायचं, मशीनमध्ये धुऊन निघायचं आणि दुसरीतून परत घरी यायचं. चार तास हलायचं नाही. पहिल्या दिवशी त्या नळ्यांकडे बघून काकांना भीती वाटण्याऐवजी नवलच वाटलं होतं. आपलं रक्त फेरी मारून परत डेपोत येतंय आणि आपण नुसते पडलोय!

भिंतीवर उंचावर एक टीव्ही होता आणि त्यावर रोज सकाळी, रविवार सोडून, एक मालिका लागायची. काकांच्या लेखी मालिका म्हणजे रिकामटेकड्यांची रडारड. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पण कान काही भिंतीकडे करता येत नाहीत.

"चावी तिनंच लपवली," डावीकडच्या खुर्चीतून एक पुरुषी आवाज आला.

"लपवली नाही, उचलून ठेवली. दोन्हीत फरक आहे," उजवीकडून एक बाई म्हणाल्या.

"सगळे झोपलेले असताना?"

"मग काय, सगळ्यांना उठवून ठेवायची?"

काकांना वाटलं ही दोघं एकमेकांचे नातेवाईक असावेत आणि घरात मोठीच भानगड चालू असावी. सिस्टर सुई तपासायला आल्या तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "भाऊबंदकी आहे का हो यांची?" सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना मशीनचा आधार घ्यावा लागला. "सिरीयल आहे, काका! सिरीयलमधली थोरली सून. हे सलूनवाले तिला रोज फाशी देतात आणि आमच्या वकीलबाई रोज सोडवून आणतात."

सलूनवाले म्हणजे एक केस कापणारे गृहस्थ. उभा जन्म दुसऱ्यांच्या डोक्याशी बोलण्यात गेल्यामुळे आता डोकं समोर नसलं तरी तोंड चालूच. आणि वकीलबाई काही वकील नव्हत्या, शिवणकाम करायच्या. बारीक अंगकाठी, मोठा आवाज. बाकी सगळ्यांच्या सुया डाव्या हाताला असायच्या, त्यांच्या मात्र उजव्या. डावा हात कधीतरी जिन्यावरून पडून मोडला होता, हाड वाकडं जुळलं होतं, म्हणून डॉक्टरांनी सुयांसाठी तो घेतला नव्हता. तो वाकडा डावा हात मोकळा असायचा, आणि थोरलीची बाजू मांडताना तो हवेत असा काही फिरायचा की समोर न्यायाधीश बसलाय असं वाटावं.

मालिकेतलं घर एका लाकडाच्या वखारवाल्याचं होतं. तीन भाऊ. थोरल्याची बायको थोरली, मधल्याची धाकटी, आणि तिसरा अजून शाळकरी पोर. धाकटी गोड, सगळ्यांची लाडकी. थोरलीचं तोंड कायम मिटलेलं आणि करणी काळी. चावी लपवणं, औषधाची बाटली ओतून टाकणं, सासूला आलेला फोन न देणं. आणि एके सोमवारी तर तिनं त्या शाळकरी दिराची पेटी दाराबाहेर ठेवली आणि रडणाऱ्या पोराच्या तोंडावर दार लावलं. त्या दिवशी खोलीत कुणी पाणीसुद्धा मागितलं नाही, आणि या माणसांना पाणी घोटघोट मोजून मिळतं, म्हणजे विचार करा.

आता खरी गंमत सांगायची तर ही मालिका आठवड्यातून सहा दिवस लागायची आणि ही माणसं बघायची तीनच दिवस. मंगळवार, गुरुवार, शनिवारी याच खुर्च्यांवर दुसरी तुकडी असायची. मधले भाग घरी बघायला कुणाची ना नव्हती, पण तसं करायचं नाही असा तिथला कायदा होता. कायदा केला होता वकीलबाईंनी. घरी बघायचं नाही, दुसऱ्या तुकडीला विचारायचं नाही, सिस्टरनी सांगायचं नाही. सिस्टरनी तो दुसऱ्या तुकडीलाही लावला, कारण त्यांना बरं पडायचं, माणसं गोष्टीत असली की सुईकडे बघत नाहीत.

"पण का?" काकांनी विचारलं होतं.

"सगळं ठाऊक असलं तर गोष्ट अर्ध्या तासात संपते, काका," वकीलबाई म्हणाल्या. "आपल्याला चार तास काढायचेत."

तेव्हा काकांच्या लक्षात आलं की सोमवारी सुया लागल्याबरोबर ही माणसं काय करत असतात. ती न पाहिलेला शनिवार बांधत असतात. धाकटीच्या डोळ्यांखाली काळं आहे, म्हणजे ती रडली असणार. कशावरून? सलूनवाले एक सांगायचे, वकीलबाई दुसरं, आणि पलीकडची चार माणसं आपापली वीट आणून लावायची. मालिका सुरू होईपर्यंत एक अख्खा दिवस उभा राहायचा, जो कुणीही बघितला नव्हता. काकांनी मनातल्या मनात तोंडात बोट घातलं. आपण उभी हयात अर्ध्या गोष्टी ऐकल्या आणि सोडून दिल्या, आणि ही माणसं उरलेली अर्धी स्वतःच बनवतात! भिंतीकडचं तोंड कधी इकडे वळलं ते त्यांनाही कळलं नाही. एक दिवस ते एकदम म्हणाले, "काल घरात पाहुणा येऊन गेलाय." सगळे बघायला लागले. "दाराशी खुर्ची सरकलीय," काका म्हणाले, "आणि सासूबाई ठेवणीतल्या कपड्यात आहेत." वकीलबाईंनी वाकडा हात वर केला आणि जाहीर केलं, "साक्षीदार दाखल करून घ्या."

तिथून काका पक्के झाले. मत मात्र त्यांनी सलूनवाल्यांच्या बाजूला टाकलं. डोळ्यांनी जे दिसतंय ते दिसतंय. वकीलबाई एकट्या पडल्या, पण ढळल्या नाहीत. "करताना बघितलंत. का करते ते बघितलंत का?" हा त्यांचा एकच मुद्दा, आणि तो त्या इतक्यांदा मांडायच्या की सलूनवाले ओठ हलवून त्यांच्याबरोबर म्हणायचे.

मग तो बुधवार आला. मालिकेत अख्खं घर गोळा झालं आणि सासूनं थोरलीला सरळ विचारलं. थोरलीनं मान वर केली. "हो. मीच घालवलं त्याला घराबाहेर. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घालवीन."

सलूनवाल्यांनी मोकळ्या हातानं मांडीवर थाप मारली. "संपला खटला! आरोपीनं गुन्हा कबूल केला!"

सगळी खोली हसली. काकांना वाटलं, चेष्टेत चेष्टा. ते म्हणाले, "बाई, गाडी गेली. आता स्टॉपवर उभं राहून काय उपयोग? काही माणसं वाईटच असतात. मान्य करून टाका."

वकीलबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. नंतर सुया निघाल्या, पट्टी बांधून झाली, आणि पिशवी उचलताना त्या सिस्टरना म्हणाल्या, "माझी खुर्ची आता दुसऱ्या कुणाला तरी द्या. मी यायची नाही. पुरे झालं."

सिस्टरना वाटलं थट्टा करतायत. पण खोलीतल्या प्रत्येकाला या वाक्याचा अर्थ ठाऊक होता. या मशीनवरून उठून गेलेला माणूस एक आठवडा काढतो, नशीब असेल तर दोन.

शुक्रवारी मशीनला पाणी शुद्ध करून देणारा प्लांटच बिघडला आणि सगळ्यांना फोन गेले, आज येऊ नका, शनिवारी दुसऱ्या तुकडीच्या अध्येमध्ये सोय करतो. शनिवारी काका पोचले तर वकीलबाई नाहीत. "मी स्वतः बोलले त्यांच्याशी," सिस्टर म्हणाल्या. "नको म्हणाल्या. बोलताना दम लागत होता." काका खुर्चीत जाऊन पडले. एका मालिकेपायी माणूस जीव सोडतं? की आपण बोललो त्यापायी? गाडी चालवताना आपल्या चाकाखाली कधी काही आलं नाही हा त्यांचा अभिमान होता.

खोली तीच, खुर्च्या त्याच, माणसं अनोळखी. मालिका लागली. पडद्यावर थोरली येताच काकांच्या सगळ्या तगमगीला वाट सापडली. "हिला फाशी द्या, फाशी!" ते मोठ्यानं म्हणाले. "हिच्यापायी आमच्या एक बाई घरी बसल्यात!"

 मग पलीकडच्या खुर्चीतल्या जाड चष्म्याच्या आजीबाई उठता येत नसतानाही उठल्यासारख्या झाल्या. "कुणाला फाशी? आमच्या थोरलीला? जीभ झडेल!"

"अहो, तिनं त्या पोराला हाकललं..."

"हाकललं? वाचवलं!" तीन-चार आवाज एकदम आले. "तिचा नवरा पितो ठाऊक आहे ना? पोराच्या उशाशी लाकूड घेऊन उभा होता तो! खरी नागीण ती धाकटी. सगळं बघते आणि गोड हसते."

"धाकटी?" काका किंचाळलेच. "धाकटी तर देवमाणूस आहे!"

सिस्टर धावत आल्या आणि त्यांनी दोन्ही तुकड्यांच्या वतीनं कायदा मोडल्याबद्दल सगळ्यांना झापलं. काका गप्प पडून पडद्याकडे बघायला लागले. थोरली एका शाळेच्या कुंपणाबाहेर उभी होती. आत पोरं खेळत होती, त्यात तो दीर होता. ती त्याला हाक मारत नव्हती. नुसती उभी होती, आणि पोरानं इकडे बघितलं तेव्हा झाडाआड झाली. जाताना तिनं गळ्यातली साखळी काढून ऑफिसात दिली, म्हणाली, फी कुणी भरली ते त्याला सांगू नका.

 थोरलीला दार लावताना काकांच्या तुकडीनं सोमवारी बघितलं होतं. दारामागे थोरली काय करत होती, ते या माणसांनी मंगळवारी बघितलं होतं. एकाच बाईच्या दोन बायका झाल्या होत्या, आणि एकीला शिव्या घालणारी आणि दुसरीवर जीव टाकणारी माणसं एकाच खुर्चीत आळीपाळीनं बसत होती. पण खरं नवल वेगळंच होतं. वकीलबाईंनी यातला एकही भाग पाहिलेला नव्हता. एकही नाही. तरी त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. कसं?

रविवारी काकांनी सिस्टरकडून वकीलबाईंचा पत्ता घेऊन लेकीला गाडी काढायला लावली. वाटेत ते एकदम म्हणाले, "तू लहान असताना मी तुला कसा वाटायचो गं?"

लेकीनं चमकून बघितलं. बाबांनी असलं काही विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. "एक दिवसाआड घरी यायचात आणि झोपायचात," ती म्हणाली. "आई म्हणायची, आवाज करू नका."

 मधल्या दिवशी आपण मुक्कामाच्या गावी तिच्यासाठी रंगीत पेन्सिली शोधत दुकानं पालथी घालायचो, आणि आईनं त्या दिल्या की तिला वाटायचं आईनंच आणल्या, हे काकांनी कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं काय त्यात, असं वाटलं होतं. आता वाटलं, सांगायला हवं होतं.

वकीलबाईंच्या घरी दार उघडलं त्यांच्या दिरानं. ताठ, पांढऱ्या मिशांचा, हातात वर्तमानपत्र. "आत आहेत," एवढंच म्हणाला आणि पुन्हा खुर्चीत बसला. लेक बाहेर गाडीतच थांबली होती. आतल्या खोलीत वकीलबाई उशांना टेकून बसल्या होत्या, चेहरा सुजलेला, पावलं सुजलेली, एकेक शब्द श्वासाशी भांडून येत होता. शेजारी शिवणाचं मशीन झाकून ठेवलेलं होतं.

"काल मी शनिवार बघितला," काका म्हणाले.

वकीलबाईंचा वाकडा हात पांघरुणावर थोडा हलला. "मग?"

"सांगणार नाही. कायदा तुमचा आहे."

"एवढंच सांगा. माझं बरोबर होतं?"

"कायदा म्हणजे कायदा."

त्या काकांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांचे डोळे भरले आणि त्या हसल्या. "तुमच्या तोंडावर सगळं लिहिलंय, ड्रायव्हर. तुम्ही साक्ष द्यायला नालायक आहात."

"तुम्हाला कसं कळलं होतं ते सांगा," काका म्हणाले. "मधला एकही भाग न बघता. मला झोप नाही हो कालपासून."

वकीलबाईंनी दाराकडे बघितलं, आवाज खाली घेतला. "हा बाहेर बसलाय तो, माझा दीर. सासूबाई गेल्या तेव्हा एवढासा होता. माझ्याच हातचं खाऊन मोठा झाला. माझे मालक शुद्धीत असले की भावावर जीव. खेळणी आणतील, खांद्यावर घेतील. पण घेतली की माणूस बदलायचा. यानं रेडिओ पाडला म्हणून एकदा झोपलेल्या पोरावर लोखंडी सळई उचलली. मी मध्ये हात घातला." त्यांनी डावा हात किंचित वर केला. "जिना बिना काही नाही. दुसऱ्या दिवशी याची पेटी भरली आणि बोर्डिंगात घातला. येईना, रडला, पाय धरले. मी दार लावलं. शिवणं करून फी भरली. त्याला वाटतं भावानं भरली. सुटीला पण त्याला घरी येऊ दिलं नाही. भाऊ देव आणि वहिनी कैदाशीण, हे डोक्यात घट्ट बसलं ते बसलंच. मालक गेले, मी आजारी पडले, तर कर्तव्य म्हणून मला घरी आणलं त्यानं. सगळं करतो. पण एका घरात राहून माझ्याशी बोलत नाही, भिंतीशी बोलतो. 'जेवण झालं असेल तर दिवा बंद करावा.' असं."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुझा देव असा होता म्हणून? एक भाऊच तर होता त्याला." त्या दमल्या, थांबल्या. "खरं सांगू, सिरीयलमध्ये मी तिच्यासाठी भांडत होते तेव्हा वाटायचं, कुणीतरी एक दिवस म्हणेल, असेल बाई चांगली. बुधवारी तुम्ही सगळे हसलात तेव्हा कळलं, कुणी नाही म्हणणार. लोकांना माणसाचे तीनच दिवस दिसतात. आणि माझे नेमके दार लावायचेच दिसले."

 एवढी वर्षं एवढं मोठं ओझं ही एवढीशी बाई वाकड्या हातानं उचलून चालली होती आणि वर थट्टा करत होती. त्यांच्यासमोर बसायचीही आपली लायकी नाही असं काकांना वाटलं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "उद्या या. मी चुकीची साक्ष दिली, ती मला कोर्टातच परत घ्यायचीय. तुम्ही नसलात तर कुणासमोर घेऊ?"

"बघते," वकीलबाई म्हणाल्या. "आणि यातलं कुणाला सांगायचं नाही. मधले दिवस बोलायचे नाहीत."

काका बाहेरच्या खोलीत आले. दिरानं मान वर केली नाही. काकांनी चपला घातल्या, दाराची कडी काढली. हजारो माणसं त्यांच्या पाठीमागे बोलली आणि उतरून गेली, त्यांनी एकदाही मान वळवली नव्हती. आज हात कडीवर तसाच राहिला आणि काका अख्खेच्या अख्खे मागे वळले.

"तुम्हाला बोर्डिंगात घातलं त्याच्या आदल्या रात्री तुमच्या भावाच्या हातात काय होतं, ते ठाऊक आहे तुम्हाला?"

दिरानं वर्तमानपत्र खाली घेतलं. "तुम्ही कोण?"

"त्यांच्या शेजारच्या खुर्चीतला," काका म्हणाले, आणि पुढचे थांबे वाचून दाखवावेत तसं एकेक वाक्य सांगितलं. सळई. रेडिओ. हात. जिना नाही. फी कुणाच्या शिवणातून. दीर ऐकत होता की नाही कळत नव्हतं, चेहरा दगडाचा. सांगून झालं तेव्हा त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली, आणि त्या घडीची आणखी एक घडी घातली. काका गाडीत येऊन बसले. "करू नये ते करून आलो," ते लेकीला म्हणाले. मग घरी जाईपर्यंत त्यांनी तिला पेन्सिलींची गोष्ट सांगितली, आणि लेकीनं एका वळणावर गाडी कडेला घेऊन डोळे पुसले.

सोमवारी वकीलबाई आल्या. चाकाच्या खुर्चीतून आणल्या, सिस्टरनी एक अक्षर न बोलता सुया लावल्या, पण त्यांच्या हाताला घाई होती. थोड्या वेळानं चेहऱ्यावर रंग आला. सलूनवाल्यांना काहीच ठाऊक नव्हतं, त्यांनी नेहमीसारखी सुरुवात केली. "शनिवारी ती थोरली नक्की वखारीला आग लावून आली असेल."

"थोरली चांगली बाई आहे," ड्रायव्हरकाका म्हणाले.

सलूनवाल्यांची मान वळली. "तुम्ही? फितूर झालात?"

"चांगली बाई आहे," काका पुन्हा म्हणाले. "मी शपथेवर सांगतो. कारण विचारू नका, कायदा आहे."

खोलीतली सगळी माणसं एकदा काकांकडे आणि एकदा वकीलबाईंकडे बघायला लागली. वकीलबाई वर टीव्हीकडे बघत होत्या, आणि त्यांचा वाकडा हात मांडीवर शांत पडला होता. सिस्टर पट्टी गुंडाळत म्हणाल्या, "वकीलबाई, तुमची केस जिंकलीत. एक मंगळवारची खुर्ची रिकामी होतेय, तिकडे देऊ का? उरलेलं डोळ्यांनी बघाल तरी."

"मला कशाला?" वकीलबाई म्हणाल्या. "मी काय नवीन बघणार त्यात?"

बुधवारी काका सुया लावून घेऊन मागे रेलले होते तेव्हा दार उघडलं. वकीलबाई चालत आल्या. मागून त्यांची पिशवी घेऊन पांढऱ्या मिशांचा दीर. काकांना वाटलं आता जमिनीनं पोटात घ्यावं. वकीलबाई बाजूनं जाताना थांबल्या. "ड्रायव्हर, तुम्ही कायदा मोडलात."

"मोडला," काका म्हणाले.

"शिक्षा होईल." आणि पुढे गेल्या. त्यांच्या डोळ्यांच्या कडा लाल होत्या. दिराच्याही.

सुया लागेपर्यंत दीर रांगेच्या टोकाला अवघडून उभा राहिला. मग सिस्टरना म्हणाला, "वहिनीला किती वेळ लागतो?"

"चार तास. तुम्ही खाली थांबा, बोलावते."

"इथे बसायला काही मिळेल का?"

सिस्टरनी स्टूल दिलं. तो ते घेऊन वकीलबाईंच्या डाव्या बाजूला बसला. बराच वेळ तो त्या वाकड्या हाताकडे बघत होता. मग त्यानं आपला हात त्याच्यावर ठेवला, आणि वकीलबाईंनी तो राहू दिला. वर मालिका सुरू झाली. थोरली दिसली, तोंड मिटलेलं. सलूनवाले काहीतरी बोलणार होते, काकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वाक्य गिळलं.

दिरानं टीव्हीकडे बघितलं. आणि भिंतीशी नाही, तिच्याशी बोलला.

"ही कोण गं, वहिनी?"

 "ही थोरली," वकीलबाई म्हणाल्या. "हिची गोष्ट फार लांब आहे रे."

"असू दे. सांग," दीर म्हणाला. "पहिल्यापासून सांग."

ड्रायव्हरकाकांनी मान समोर वळवली आणि नजर सरळ ठेवली, गाडी चालवताना ठेवायचे तशी. शेजारी गोष्ट सुरू झाली. या वेळी मध्ये कुणी उतरणार नव्हतं.